मागून येणारी धूळ

वाळवंटात जीप घेऊन भटकायची कल्पना माझीच. मी भाजीचा टेम्पो चालवते. शाळा चौथीत सुटली, पण गाडीचं दुखणं मला आवाजावरून कळतं. वर्षभर लोकांची ओझी वाहिली, एकदा स्वतःला कुठेतरी घेऊन जावं म्हटलं. बरोबर माझी धाकटी बहीण आणि आमच्या दोन मैत्रिणी, एक नर्स, एक शिंपीण. दोन जीप भाड्याने घेतल्या, प्रत्येकीत एक वॉकीटॉकी. पुढची मी चालवायची, शेजारी नर्स. मागची धाकटी चालवायची, शेजारी शिंपीण.

"वाळूत रुतलात तर?" नवऱ्याने विचारलं.

"ढकलू. तुम्हाला पलंगावरून हलवण्याइतकं जड काही तिथे नसणार."

रस्ता असा नव्हताच. चाकांचे जुने चर, दोन्ही बाजूंना भुसभुशीत वाळू. आमचा एक नियम होता. फाटा आला की पुढच्या गाडीने थांबायचं. मागची धूळ दिसली, मागचीने दिवे मिचकावले, की मगच निघायचं. धाकटीची जीप सकाळपासून सारखी रुतत होती, म्हणून तिचं ओझं कमी करायला पाण्याचे सगळे कॅन मी माझ्या गाडीत घेतले. तिच्याकडे एक बाटली ठेवली.

फाटा आला. मी थांबले. मागे धूळ उठली, दिवे मिचकावले. मी डावीकडे वळले.

ऊन डोक्यावर होतं. भुताला अंधार लागतो, असं मी तोवर समजत होते.

बराच वेळ धूळ आमच्यामागे येत राहिली. शेवटी एका काळ्या खडकाच्या सावलीत मी गाडी थांबवली. म्हटलं, सगळ्या मिळून जेवू. मागची जीपही थांबली. पण लांबच. कुणी उतरेना. वाऱ्याची झुळूकही नव्हती, तरी तिच्याभोवतीची धूळ तशीच उभी.

"खाली का बसत नाही गं ती धूळ..." नर्स हळूच म्हणाली.

मला वास आला. बंद पडलेल्या विहिरीत डोकावल्यावर येतो तसा, ओला आणि कुजका. अशा ठिकाणी, जिथे थुंकीसुद्धा वाळते.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला.

"ताई... अगं कुठे आहेस? आम्ही फाट्याच्या अलीकडेच रुतलोय. केव्हाची हाका मारतेय. पाणी संपलं. शिंपिणीला चक्कर येतेय..."

आम्ही दोघींनी मागे पाहिलं.

त्या जीपने दिवे मिचकावले.

परतीची वाट तीच. बाजूने काढली तर मीही रुतणार. नर्सने माझा दंड धरला. "थांबू या... जाऊ दे त्याला."

"ते जाईल तोवर माझी बहीण जाईल."

मी गिअर टाकला आणि येतील तेवढ्या शिव्या देत सरळ धुळीत घातली गाडी. उजेड गेला. काचा गार पडल्या. मागच्या कॅनमधलं पाणी डचमळत होतं, की कुणीतरी घटाघटा पीत होतं... मी वळून पाहिलं नाही. मग एकदम ऊन. समोर वाट मोकळी, आणि वाळूवर चाकांच्या खुणा फक्त आमच्या.

धाकटीची जीप अर्धी वाळूत गेली होती. शिंपीण सावलीला आडवी, ओठ फुटलेले. धाकटी मात्र पाय पसरून निवांत बसली होती. केस ओले. हनुवटीवरून थेंब गळत होते. मी कॅन पुढे केला.

"परत?" ती हसली. "आत्ताच तर देऊन गेलीस. एवढं गार कुठे मिळालं गं?"

शिंपिणीने माझ्या हातातला कॅन ओढून घेतला, पोटभर प्यायली, मग माझा हात चाचपला.

"मी घेतलं नाही तिच्याकडून. गाडी तीच, ओढणी तीच, तोंडही तुझंच. पण रुतलेली गाडी बघून तू, आणि गप्प? एक शिवी नाही...? मी डोळे मिटून पडून राहिले."

एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो.

गाडी काढली, सगळ्या सुखरूप घरी आलो. मी पुष्कळदा विचार करते. ते जे काही होतं, त्याने वाईट काय केलं? माझी बहीण तहानेने जात होती, तिला पाणी दिलं. मी जगात कुणालाही शिवी देऊ शकते, पण तहानलेल्याला पाणी देणाऱ्याला द्यायची म्हटलं की जीभ अडते.

धाकटी धडधाकट आहे. कामावर जाते, भांडते, हसते. नर्सने सगळ्या तपासण्या करून घेतल्या, काही निघालं नाही.

काल तिच्याकडे गेले होते. भाकरीबरोबर मी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. रोज कुणी ना कुणी ठेवतंच. तिने तो नेहमीसारखा हलकेच बाजूला सारला.

"नको गं ताई," म्हणाली, "अजून तेच संपलं नाही."