एका नावापुरती जागा

गोदामाचं दार उघडलं आणि ओर्सोलाबाई आत धावल्या. गावच्या छपराच्या लाकडी पुलावरून उतरवलेली जुनी तुळई आज संग्रहालयात जायची होती. तिचा मधला हातभर तुकडा कुणीतरी कापून नेला होता.

तालुक्याहून फौजदार लेइ श्यूचिन आली.

"संशय कुणावर?"

"जुन्या वस्तूंच्या दलालांवर," सहा वर्षं चीनमध्ये जुनं लाकूड जपणाऱ्या त्या इटालियन बाई म्हणाल्या.

लेइनं काप निरखला. करवत सरळ चाललेली. तुळईच्या उघड्या तोंडांना तेल चोपडलेलं, लाकूड चिरू नये म्हणून. चोर एवढी माया कशाला करेल?

पुलाच्या छपराखाली म्हातारे बाव मिस्त्री नवी तुळई तपासत होते.

"मिस्त्री, जुनी तुळई टाकून द्या, असं तुम्हीच म्हणत होतात ना?"

"मग! ही बाई कुजक्या लाकडाच्या पाया पडते. पोरी, आमच्यात लाकूड बदलतं, हात राहतो. म्हणून तर पूल उभा आहे."

"आणि तुळईवरची नावं?"

"जुनीवरच्या सगळ्या कारागिरांची नावं मुख्य मिस्त्रीनं, म्हणजे मी, नवीवर उतरवायची. रीतच आहे."

लेइनं वर पाहिलं. शाईतल्या नावांच्या ओळीत एका नावापुरती जागा कोरी होती.

दुपारी ती ओर्सोलाबाईंना आणि जुन्या तुळईचा फोटो घेऊन मिस्त्रींच्या घरी गेली.

"कापलेल्या तुकड्यावर एकच नाव होतं. बाव यानलिन. तुमचा मुलगा. मागच्या दुरुस्तीत त्यानं ते स्वतः लिहिलं. गेल्या वर्षी शहरात परांचीवरून पडून तो गेला. दलालानं तेल लावलं नसतं. आणि नव्या तुळईवर नेमकं तेच नाव तुमच्याच्यानं लिहवलं नाही. तुकडा तुम्ही नेलात, मिस्त्री."

मिस्त्रींनी पलंगाखालून रजईत गुंडाळलेला तुकडा काढला.

"हात राहतो, असं म्हणत आलो. माझं काम ज्याच्या हाती जायचं, तो हातच गेला. राहिलं ते लाकूड."

"परत द्यावा लागेल," लेइ म्हणाली.

"ठाऊक आहे. जोड मी देतो. कुणाला दिसणार नाही."

"दिसू दे," ओर्सोलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे वाहत होते. "आमच्यात जोड लपवत नाहीत. पण नव्या तुळईवर तरी त्याचं नाव लिहा ना."

"माझ्या अक्षरात लिहिलं, तर ते माझं झालं, बाई. त्याच्या हातचं एवढंच आहे."

मिस्त्रींनी शाईवरून अंगठा फिरवला आणि तुकडा ओर्सोलाबाईंच्या हाती दिला.

"रजईतच राहू द्या. वाटेत धक्के बसतील त्याला."