फुटपाथची खाच

निळा शिंपी-खडू.

कर्दळीची रोपं.

ओलं सिमेंट.

"दादा, जरा सरकता का? झाडं चेंगरतायत."

साईनाथला ती अशी भेटली होती... कॅम्प तीनकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात, मांडीवर कर्दळ घेऊन. नेत्रा. उतरली तीही त्याच्याच गल्लीत, त्याच्या जीन्सच्या कारखान्यासमोर. फुटपाथलगत खोलगट बाग करायची, खाली खडी, वर माती, आणि रस्त्यावरचं पाणी तिथे मुरवायचं, हे तिचं काम. गल्लीची अट एकच: दुकानांत पाणी शिरलं, तर बाग बुजवायची.

आज जुलैच्या भर दुपारी पावसाचं पाणी कारखान्याची पायरी चढत होतं.

"मॅडम, बुजवा आता तुमचं नंदनवन!" शेजारच्या शालनकाकू दारातून ओरडल्या.

नेत्रा भिजत धावत आली. रस्ता तुंबलेला, बागेत मात्र पाणी जवळजवळ नाहीच! तिने वाकून फुटपाथची कड चाचपली.

"इथली खाच कुठे गेली?"

"ती फुटलेली कड?" साईनाथ खुशीत होता. "मीच भरली काल. म्हटलं, तुम्ही बघायला येणार... तुटकं कशाला दिसावं?"

"अहो, बागेचं तोंड होतं ते! पाणी आत जाणार कुठून?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. कारखान्यात जमिनीवर कापडाचे तागे होते. तरी तो आत धावला तो फक्त छिन्नी-हातोड्यासाठी. तिने छिन्नी धरली, त्याने घाव घातला.

ठक्.

पाणी उंबऱ्याला टेकलं.

"सगळं समजावलं होतं तुम्हाला. दोनदा!"

"हो."

"मग?"

ठक्.

"तुम्ही सांगत होता तेव्हा... ऐकत नव्हतो मी. बघत होतो."

तिने झटकन वर बघितलं, तशी छिन्नी सरकली.

"हलवू नका, बोटावर बसेल!"

"मग मारा ना! आता काय बघताय?"

त्याने डाव्या हाताने छिन्नीला आधार दिला. ठक्... आणि ढेपळा सुटला. पाणी क्षणभर थबकलं, मग भसकन कर्दळीत घुसलं. उंबरा हळूहळू मोकळा झाला.

"चहा टाकते गं," काकू पुटपुटल्या.

छिन्नीवर दोघांचे हात अजून होते.

"पुन्हा काही दुरुस्त करावंसं वाटलं," नेत्रा म्हणाली, "तर आधी मला विचार."

"आत्ताच विचारू? उद्या येशील?"

"बाग बघायला येणारच आहे."

"बाग सोडून..."

तिने भिजलेली बट मागे सारली.

"येईन."

खाच कुठे ठेवायची, ते आखायला नेत्राला तो निळा खडू साईनाथनेच दिला होता.