उलटे वेढे

खोटं वाटलं तर सोडून द्या. पण मी त्या खोलीत होतो, आणि माझं डोकं अजून ठिकाणावर आहे.

भर दुपारची गोष्ट. भुतांना रात्रच लागते, असं सांगणाऱ्याला एकदा माझ्याकडे पाठवा.

आमच्या कारखान्यात फ्रिजचे कॉम्प्रेसर बनतात. आत पिस्टन पुढेमागे धावतो, पण तेलाचा थेंब नाही. सिलिंडरला बारीक भोकं असतात. त्यातून गॅस येतो आणि पिस्टन त्या गॅसवर तरंगतो, कुठेच टेकत नाही. गॅस किती जाऊ द्यायचा ते ठरवतो एक दोरा, भोकांवरून घट्ट गुंडाळलेला. वेढे कमी पडले की गॅस एकीकडून जास्त सुटतो आणि पिस्टन घासतो.

टक्... टक्...

तो दोरा माझी ताई गुंडाळायची. डावखुरी होती, म्हणून तिचे वेढे सगळ्यांच्या उलटे. आम्ही चिडवायचो, "ताई, तुझं सगळंच उलटं!"

"मशीन सरळ चालतंय ना? मग गप बस."

आमच्या सुपरवायझरला सगळे घाईसाहेब म्हणायचे. त्याने हुकूम काढला, "वेढे कमी करा. आत कोण बघायला जातंय?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. ताईने तोंडावर नाही म्हटलं.

व्हायचं तेच झालं. मशीनं घासायला लागली, ढिगाने परत आली. ती दुरुस्त करायला त्याने ताईलाच चाचणीच्या खोलीत बसवलं. तिथे सुटलेला गॅस पंखा बाहेर ओढतो. त्या गॅसला वास नाही, रंग नाही, पण साचला तर माणूस गुदमरतो. पंख्याचं बटण खोलीबाहेर, घाईसाहेबाच्या टेबलाशेजारी.

पंखा बंद होता.

ताई खुर्चीतच गेली. हातात दोरा तसाच, अर्धा गुंडाळलेला.

घाईसाहेब सांगत सुटला, "आवाजाचा त्रास होतो म्हणून तिनेच बंद केला आणि आत जाऊन बसली." चोराच्या उलट्या बोंबा! माझी भाची मला विचारायची, "मामा, खरंच आईनेच बंद केला का रे?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण पुरावा कुठून आणू?

त्या दुपारी मी चाचणीच्या खोलीत एकटा होतो. आमची पद्धत अशी, की स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं आणि त्याची मूठ कानाला लावायची. पिस्टन जरा जरी घासला तरी कळतं.

मशीन बंद होतं. वायरसुद्धा जोडली नव्हती.

तरी आत काहीतरी... आत जात होतं... बाहेर येत होतं...

श्वास.

मी मशीन उघडलं. दोरा उलटा गुंडाळलेला. दुसरं उघडलं. तोही उलटा. माल सकाळीच तयार झालेला, आणि आता आमच्याकडे डावखुरं कुणीच नाही.

"काय टाइमपास चाललाय?" घाईसाहेब आत आला.

मी मशीनकडे बोट दाखवलं. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला. "ऐका."

त्याने ऐकलं. तोंडचं पाणीच पळालं.

"ही... ही तर..."

पंखा थांबला.

त्याने दार ओढलं. उघडेना. गळा धरून तो गुडघ्यांवर बसला, तोंड उघडं, डोळे बाहेर. मी त्याच्यापासून हातभर लांब होतो, आणि मला काहीही होत नव्हतं. खोली एक, हवा एक.

खोलीच्या काचेपलीकडे सगळे जमले होते. "बटण चालूच आहे!" असं ओरडत होते.

"मी बंद केला होता पंखा!" तो किंचाळला. "फोनवर ऐकू येत नव्हतं... ती आत आहे हे माहीत होतं मला... सोड गं बाई, सोड!"

सगळ्यांनी ऐकलं.

पंखा फिरायला लागला. दार आपोआप उघडलं.

घरी जाऊन भाचीला सांगितलं. ती खूप रडली. मग म्हणाली, "मला माहीतच होतं, मामा."

इथे संपायला हवं होतं ना?

घाईसाहेब तेव्हापासून अंथरुणाला खिळलाय. डॉक्टर म्हणतात, छाती साफ आहे. पण हवा आत जाते ती बारीक शिट्टी वाजवत, सुईच्या भोकातून गेल्यासारखी. गळ्याभोवती दोऱ्याचे वळ आहेत. उलटे. ते रोज वाढतात.

परवा त्याची बायको माझ्या दारात येऊन रडली. "तुमच्या ताईंना सांगा हो. त्यांनी सगळं कबूल केलंय."

त्या बाईचा काय दोष? मी चाचणीच्या खोलीत गेलो. बंद मशीनला कान लावला. "ताई, तुझ्या लेकीला खरं कळलंय. आता पुरे. सोड त्याला."

आतला श्वास थांबला...

मग दोरा करकचून ओढल्याचा आवाज आला.

खरं सांगू? मला त्याची कीव आली नाही. भीती वाटते ती कीव न आल्याचीच.

आणि ताईला मी ओळखतो. हातात घेतलेलं काम तिने कधी अर्धवट ठेवलं नाही.

एकदाच राहिलं होतं.