खुंट्यावरचा दुसरा हात

त्या सकाळी बनुबाई आणि तिची लेक मनकर्णा नेहमीसारख्या जात्याला समोरासमोर बसल्या होत्या. बहात्तरचा दुष्काळ. रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी दळताना जातं कुरकुरत होतं. बनुबाईने ओवी धरली –

सोडून गेला सखा, गाडी उसाच्या वाटंला
रडून काय व्हतं बाई, चूल पेटवू पोटाला

ओवी तिने लेकीसाठीच रचली होती. जावई ऊसतोडीला गेला आणि तिकडेच दुसरं बिऱ्हाड थाटून बसला. पंचांपुढे काडीमोड झाली, मनकर्णा माहेरी आली. तिचं रडणं केव्हाच सरलं. ओवी तेवढी दळणाला राहिली.

"मने, तलावाच्या कामावर कानिफनाथ तुझीच पाटी आधी का उचलून देतो गं?"

"माझी हलकी असती म्हनून."

"व्हय, व्हय. काल तर रिकामी बी उचलून देत हुता."

मनकर्णाने हसू पदरात दाबलं.

"बायको जाऊन दोन वर्सं झाली त्याला. तुझ्याशी पाट लावायचा म्हनतोय. मी म्हनलं, लेकीला इचारते. आवडतो का तुला?"

मनकर्णाने खुंटा जोरात ओढला. एकदा पोळलेल्या माणसाने लगेच काय बोलावं… उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी दुपारी बनुबाई कामावर भर उन्हात खाली बसली, ती उठलीच नाही.

सुतक फिटलं तरी जातं फिरेना. एकटीला ओढवत नाही, असं मनकर्णा सांगायची. समोरची जागा तिला बघवत नव्हती.

एका सकाळी कानिफनाथ दारात उभा राहिला. "घरात पीठ न्हाई म्हनं." आणि वहाणा काढून सरळ बनुबाईच्या जागी जाऊन बसला.

बाप्या माणूस जात्याला बसलेला मनकर्णाने जन्मात पाहिला नव्हता. "उठा… लोक हसतील."

शेजारच्या आक्काबाईने कुडावरून डोकावलंच. "नाथा, बाई झालास का रं?"

"व्हय आक्का. दळन हुईस्तोवर."

एकाच खुंट्यावर दोघांचे हात, वर-खाली. त्याला ताल सापडेना. ती ओढायची तेव्हा तोही ओढायचा, जातं जागीच अडायचं.

"आसं न्हवं…" तिने त्याच्या हातावर हात ठेवून एक फेरा घेतला. मग दुसरा. हात काढायचा राहूनच गेला.

"ववी म्हन की," तो हळूच म्हणाला.

"आयेनं मला एक इचारलं हुतं," ती म्हणाली. "उद्या सांगू म्हनलं… आन् ऱ्हाऊनच गेलं."

त्याने जातं थांबवलं. काय विचारलं होतं, हे त्याला ठाऊक होतं.

कुडापलीकडे आक्काबाई कान देऊन उभी होती. मनकर्णाने आवाज खाली आणला नाही. समोर, आईच्या जागेकडे बघत ती म्हणाली,

"आवडत्यात, आये. मला लई आवडत्यात."