तख्तातलं मशीन

फर्निचरच्या आत कंप्युटर बसवायची कामं मी आता का घेत नाही, असं तुम्ही विचारलंत. कारण एकदा घेतलं होतं म्हणून. सांगतो. पंखा जरा कमी करा, मला हळू बोलायची सवय आहे.

लोकांना हवे तसे कंप्युटर बांधून द्यायचे, हा माझा धंदा. दुकान लंकेवर, म्हणजे इथल्या विद्यापीठासमोरच्या वस्तीत. मागच्या जूनमध्ये अंतराताईंचा फोन आला. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. इथल्या आपल्याच मराठी लोकांपैकी. वडील वासुदेव मास्तर, गणित शिकवायचे, ते आदल्या वर्षी गेले. ताई घरूनच इमारतींचे नकाशे काढतात. त्यासाठी मोठं मशीन हवं होतं, आणि ते मास्तरांच्या तख्तात बसवायचं होतं.

तख्त म्हणजे बसायची लाकडी चौकी, पण ही खालून बंद पेटीसारखी होती. सहा फूट लांब, गुडघ्याएवढी उंच. पायथ्याकडे एक झडप आणि तिला बाहेरून कडी.

"टेबलाखाली ठेवलं तर निम्म्यात काम होईल, ताई," मी म्हटलं.

"बंदरं तारा तोडतात," त्या म्हणाल्या. इथल्या हिंदीच्या सवयीने आम्ही माकडांना बंदरंच म्हणतो. मग तख्तावर हात ठेवून, "आणि ते तख्त रिकामं नको वाटतं मला. आत काहीतरी बसव."

जिन्यातून ते खाली उतरेना, म्हणून काम तिथेच सुरू केलं. पहिल्या दिवशी पंख्यांसाठी गोल भोकं पाडली. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई बँकेत गेल्या. "दार आतून लाव हं, नाहीतर बंदरं घुसतील," असं बजावून गेल्या. मी दाराची कडी लावली, फोन खिडकीत चार्जिंगला ठेवला आणि पोटावर सरपटत तख्तात शिरलो. मशीनची पत्र्याची चौकट पार उशाकडे आवळायची होती. तोंडात छोटी बॅटरी, हातात पेचकस. आत इतकी कमी जागा की कूस बदलणंही शक्य नव्हतं. जुन्या शिसवीचा आणि भिजलेल्या खडूचा वास येत होता.

तिसरा स्क्रू आवळत होतो आणि बिजली गेली. कूलर थांबला. बाहेर एकदम शांत झालं.

मग पायाकडची झडप बंद झाली. आपटली नाही. कुणीतरी हाताने लावावी तशी हळू लागली, आणि मागोमाग कडी सरकल्याचा आवाज आला.

"ताई?" मी म्हटलं.

टाचांनी झडप ढकलली, ती हलली नाही. तेवढ्यात माझ्या पाठीवरची फळी कुरकुरली आणि खाली दबली. वर कुणीतरी येऊन बसलं होतं. मांडी घालून बसताना जड माणूस आधी एका बाजूला कलतो, मग दुसऱ्या बाजूला, तशी फळी दोनदा वाकली. माझ्या शर्टाला टेकली.

मी श्वास धरून पडून राहिलो.

वरून बोटाच्या पेराने दोन टकटक झाल्या. म्हाताऱ्या माणसाचा शांत आवाज आला, "हं. एकोणतीसचा. पहिल्यापासून."

आणि माझ्या मागे, झडप आणि माझे पाय यांच्या मध्ये, एक लहान मुलगी कुजबुजली, "एकोणतीस एके एकोणतीस… एकोणतीस दुणे अठ्ठावन्न…"

मला मान वळवता येत नव्हती. बॅटरीचा उजेड समोरच्या पत्र्यावर पडलेला, बाकी सगळा अंधार. मी पाय मागे सरकवायला गेलो तर तळव्याला काहीतरी लागलं. मऊ आणि गरम. त्यानेही घाबरून अंग चोरलं.

"…एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर… एकोणतीस साते…" ती अडली. "दोनशे… एक."

टकटक. "परत."

ती पहिल्यापासून म्हणायला लागली. पुन्हा सातावर अडली. पुन्हा दोनशे एक. पुन्हा टकटक. किती वेळा झालं, आठवत नाही. घाम डोळ्यांत जात होता, श्वास पुरता घेता येत नव्हता, कारण वरच्या फळीने जागाच ठेवली नव्हती. दर फेरीला तिचा आवाज बारीक होत गेला. शेवटी शेवटी नुसते ओठ हलल्यासारखा यायचा. त्या माणसाचा आवाज मात्र चढला नाही की उतरला नाही. त्याला कसलीच घाई नव्हती.

"एकोणतीस साते…" ती म्हणाली आणि गप्प झाली.

मीच बोललो. बॅटरी तोंडातून पडली. "दोनशे तीन."

मग वरचं वजन उठलं, फळी सरळ झाली. कडी निघाली, पायांकडून उजेड आला. मी मागे सरपटत निघालो. वाटेत काही आडवं आलं नाही, फक्त पँटची कड दोन बोटांनी धरल्यासारखी ताणली गेली. मी ओढून घेतली.

हो, ओढून घेतली. तेवढं मला विसरता येत नाही.

उभा राहिलो तर खोलीत कुणी नव्हतं. दाराची कडी आतून तशीच लावलेली. मी फोन उचलला, हत्यारं तिथेच टाकली आणि घाटाच्या पायऱ्यांवर, माणसांत जाऊन बसलो.

ताई संध्याकाळी मला शोधत तिथेच आल्या. मी सगळं सांगितलं.

"ती किती म्हणत होती?" त्यांनी विचारलं.

"दोनशे एक."

"मीही तेच म्हणायचे." त्या नदीकडे बघत होत्या. "आठ वर्षांची होते. पाढा चुकला की बाबा आत घालायचे आणि वर बसायचे. एक दिवस मी सातावर अडले आणि कुणीतरी बोलवायला आलं, ते उठून गेले. संध्याकाळी आईने मला काढलं. त्यानंतर बाबांनी तो पाढा कधी विचारला नाही." मग खालच्या आवाजात, "बरोबर उत्तर कोणी दिलं म्हणालास?"

"मी."

"दुसऱ्याने सांगितलेलं त्यांना चालायचं नाही, ऋतुराज."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तिथे होतो. झडप उघडून ताई समोर बसल्या आणि आत तोंड घालून पाढा म्हणायला लागल्या. सातापर्यंत आल्या. ओठ उघडे राहिले. ही बाई दिवसभर इंचाइंचाचे हिशोब करते. पण तो आकडा काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. मी सांगायला गेलो तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

मशीन मी बसवून दिलं, झडप उघडी ठेवूनच. आतली गरमी कळावी म्हणून बाहेरच्या बाजूला तापमान दाखवणारा छोटा काटा लावला, बॅटरीवर चालणारा. मशीन उत्तम चालतं. तक्रार नाही.

जानेवारीत ताई आठवडाभर नागपूरला गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी मला त्या काट्याचा फोटो पाठवला. घर आठ दिवस बंद, मशीनची तार काढलेली, बाहेर धुक्यात सात अंश. काटा सदतीसवर होता, जिवंत माणसाच्या अंगाएवढा. मी जाऊन तो बदलून नवा लावला. दुसरीकडून, दुसऱ्या कंपनीचा.

तोही सदतीसच दाखवतो. ताई म्हणतात, रात्री कधी कधी अडतीस होतं.