मादोन्नाचा निळा शेला

मिरवणुकीच्या सकाळी देवळातली पेटी उघडली आणि मादोन्नाचा, म्हणजे मेरीमातेच्या मूर्तीचा, निळा शेला गायब! बायकांनी एकच गलका केला, जो तो पेटीत डोकावू लागला.

कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच. एक देवळाची राखण करणाऱ्या तुलिओकडे, दुसरी एर्सिलियामावशीकडे. पण मादोन्नाला सजवायचा मान मावशीच्याच घरचा, आईकडून लेकीकडे आलेला. तेव्हा चोर तुलिओ! "संध्याकाळपर्यंत देवळाची खोली रिकामी कर," म्हणून फादर सेवेरो मोकळे झाले. म्हातारा बिचारा जाणार कुठे?

खासगी गुप्तहेर कोर्रादो पेटीवर वाकला. आत लॅव्हेंडरच्या सुकल्या फुलांचा वास रेंगाळत होता. औषधवाला उबाल्दो सोबत होताच.

"लॅव्हेंडरच्या पुरचुंड्या कुठायत?" त्याने विचारलं.

"घड्यांत ठेवते मी. कसर लागू नये म्हणून," मावशी दारातूनच म्हणाली. ती पेटीजवळ फिरकलीच नव्हती.

"खचल्यात रे," उबाल्दो कुजबुजला. "फेब्रुवारीत नीवेस गेली, एकुलती एक लेक. यंदा पहिल्यांदा मादोन्नाला शेला तीच पांघरवणार होती. मावशींनी शवपेटीसुद्धा लोक यायच्या आधीच बंद केली. चेहरा बघवत नसेल."

"औषधं तूच देत होतास ना? चेहऱ्याला काय झालं होतं?"

"चेहऱ्याला? छे, दुखणं हृदयाचं."

कोर्रादोने सगळ्यांना देवळातच थांबवलं.

"चोर शेला ओढून काढतो, पुरचुंड्या खाली पडतात. इथे त्या घडीसकट गेल्या. म्हणजे शेल्याची काळजी असणाऱ्या माणसाने नेला. सगळे पेटीत डोकावले, एकच माणूस नाही. पेटी रिकामी आहे हे त्याला ठाऊक होतं. आणि आपल्या गावात गेलेल्याच्या कपाळाला ओठ टेकवल्याशिवाय शवपेटी बंद होत नाही. नीवेसची झाली. झाकायचा होता तो चेहरा नव्हे, अंगावरचा शेला!"

मावशी दारातून पुढे आली.

"एकदा मादोन्नाला मला शेला पांघरवू दे, म्हणायची हो पोर. तेवढंही जगली नाही. मग मीच तिला पांघरवला. उकरू नका तिला, फादर, पाया पडते!"

"कुणी हात लावणार नाही," फादर म्हणाले. त्यांना तुलिओकडे बघवेना.

"मावशी, माझ्या कानात एक शब्द टाकायचा होतात," तुलिओ म्हणाला. "मी झालो असतो चोर."

मादोन्ना मावशीच्या काळ्या शालीत निघाली. कोर्रादो पायरीवरच बसून राहिला.

"सुटलं की कोडं! तोंड का पाडलंस?" उबाल्दोने विचारलं.

"तिला एकटीला गाठून विचारता आलं असतं रे. चारचौघांत रडवलं तिला. माझी मेली हुशारी मिरवायची हौस!"