बंद भट्टीची लाट

बुधवारी दुपारी दोन वाजता फिल्टर चालू झाला आणि पडद्यावरचा आकडा अकरावरून थेट अडीचवर आला.

"उतरला! फोरमनकाका, उतरला बघा!" इंजिनियरबाईंनी टेबलावर अशी थाप मारली की कप बशीत नाचला.

"मीटर तर बिघडला नाही ना?" फोरमन म्हणाले. पोलादाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस, आनंदसुद्धा तपासून घ्यायचा.

स्वच्छ विजेची लाट गुळगुळीत असते. यंत्रं तिच्यात आपापल्या आगंतुक लाटा मिसळतात, त्यांना हार्मोनिक्स म्हणतात. त्यांच्यापायी इथे केबली तापत होत्या, मोटारी जळत होत्या. वीजखात्याने बजावलं होतं: पडद्यावरचा आकडा म्हणजे या घाणीची टक्केवारी; शुक्रवारी तपासणीत ती पाचाच्या वर दिसली, तर पुरवठा बंद. फिल्टर ती घाण पुसत नाही, स्वतःत ओढून घेतो. त्याचे तीन टप्पे लागले होते, चौथा बाकी होता.

दोन दहाला पडद्यावरची लाटेची रेघ थरथरली.

तीन हलके धक्के, मग एकदम उसळी. अकरा मिनिटं रेघ उकळत राहिली आणि निवली. एरवीच्या गोंगाटाखाली ती आजवर दिसलीच नव्हती.

पावलांवरून माणूस ओळखावा तशी बाई लाटेवरून यंत्रं ओळखत. ही लाटही त्यांना ओळखीची वाटली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

गुरुवारी त्यांनी पंधरा मिनिटं कारखाना थांबवून घेतला. रोलिंग मिल, क्रेन, पंप, शेवटी दिवेसुद्धा एकेक करून बंद केले. मोजयंत्र बॅटरीवर होतं. दोन दहाला रेघ उठली.

बाई आणि फोरमन टॉर्च घेऊन दोन नंबरच्या भट्टीच्या पॅनेलपाशी गेले. भट्टी सात वर्षांपूर्वी फुटली, भंगारात गेली. पॅनेलमध्ये उरलं होतं केबलचं वीतभर तुटकं टोक. बाईंनी त्याला मोजयंत्राचा चिमटा लावला.

टोक कोमट होतं. पडद्यावर लाट उसळत होती.

"काका, हा दादा आहे!" बाईंना हसू आवरेना.

या भट्टीवर बाईंचा थोरला भाऊच कामाला होता. इलेक्ट्रोड, म्हणजे विजेच्या जाड कांड्या, भट्टीत सोडताना तो त्या आतल्या लोखंडाला तीनदा हलकेच टेकवायचा. "घोड्याला आधी चुचकारायचं, मग टाच मारायची," म्हणायचा. असं दुसरं कुणी करत नसे. धाकटी बहीण कठड्याशी उभी असली की चौथ्यांदाही टेकवायचा, खास तिच्यासाठी. भट्टी फुटली त्यानंतर त्याचा फक्त निळा चष्मा सापडला.

"चौथा टप्पा टाक, पोरी," फोरमन म्हणाले. "गेलेल्या माणसाला कामावर उभं करू नये."

"तो टप्पा नेमकी हीच लाट गिळतो, काका. दादा पुन्हा जाईल."

"आणि नाही टाकलास तर तीनशे माणसं घरी जातील."

शुक्रवारी वीजखात्याचा तपासनीस पेन उघडून बसला. बाईंचा एक हात चौथ्या टप्प्याच्या बटणावर होता, दुसऱ्या हातात भट्टीच्या टोकाला लावलेल्या चिमट्याची वायर. छातीत धडधडत होतं, पण भीतीने नव्हे. जत्रेला निघालेल्या पोरीसारखं.

दोन दहा.

एक. दोन. तीन.

"दादा, मी आलेय," त्या पुटपुटल्या.

चौथा धक्का आला नाही. उसळी आली. आकडा चढू लागला. सहा. आठ. नऊ.

तपासनिसाने चष्मा वर केला.

बाईंनी बटण दाबलं.

रेघ सपाट झाली. आकडा दीड. तपासनिसाने सही केली, शिक्का मारला, हात मिळवून गेला.

"सुटलीस," फोरमन म्हणाले. "चल, चहा घेऊ."

बाई हलल्या नाहीत. चौथ्या टप्प्याच्या कपाटाच्या दारावर एक काटा आहे. आत किती लाट ओढली गेली, ते तो दाखवतो. दोन एकवीसला तो शून्यावर यायला हवा होता.

आज सोमवार. काटा अजून शून्यावर आलेला नाही. दर अकरा मिनिटांनी तो किंचित हलतो आणि मग उसळतो. फोरमननी तीनदा मोजून वहीत लिहिलंय: उसळीआधी धक्के चार.